तिसऱ्या घोडीचा पाय

प्रवासी विमान म्हातारं झालं की त्याला मालवाहू करतात. ते काम आमच्याकडे होतं. खुर्च्या, डोक्यावरचे सामानाचे खण, संडास, खाण्याच्या गाड्यांचे कप्पे, भिंतींचं प्लास्टिक, गालिचे, सगळं काढून विमान आतून उघडंबोडकं करायचं. खिडक्यांच्या जागी पत्रा मारायचा. जमीन मजबूत करायची. आणि डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, आख्खी मोटार आत जाईल एवढं भोक पाडून त्याला दार लावायचं. सांगायला चार ओळी लागतात, करायला चार महिने.

मी दाराचा माणूस. एकतीस वर्षं पत्रा कापतोय आणि रिव्हेट मारतोय. रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. बाहेरून एकजण हवेच्या गनने डोकं ठोकतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा धरून शेपूट चेपतो. मध्ये पत्रा असल्यामुळे तोंड दिसत नाही आणि आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने टकटक करतो. एकदा म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे झालं, तीनदा म्हणजे वाया गेला. माझा आतला माणूस बावीस वर्षं तोच आहे. त्याला सगळे तोफ म्हणतात. कान गेल्यामुळे तो गुपितसुद्धा ओरडून सांगतो. त्याची बायको म्हणते, आमच्या घरात भांडण झालं की शेजारचे न विचारता निकाल देतात.

माझी बायको जाऊन सात महिने झाले होते. त्याआधी आठ महिने ती आजारी होती. दवाखान्यातल्या नर्सने एक छापील कागद दिला होता. रोज सकाळी, चहाच्या आधी, वजन करून त्यावर लिहायचं. तो कागद मी फ्रिजवर लोहचुंबकाने लावला होता. ती काट्यावर उभी राहायची, मी वाकून आकडा वाचायचो. एक्कावन्नपासून सुरुवात झाली. अठ्ठेचाळीस झालं तेव्हा ती म्हणाली, "अहो, लग्नाच्या वेळी मला एवढंच व्हायचं होतं. तेव्हा काही केल्या जमलं नाही." बेचाळीसच्या सुमाराला मी एकदा अर्धा किलो वाढवून लिहायला गेलो. तिने पेन धरलं. म्हणाली, "आहे ते लिहा. मी काही परीक्षेला बसलेली नाही." मी आहे ते लिहिलं. दोनशे एकतीस दिवस आहे तेच लिहिलं. शेवटच्या ओळीत तारीख आहे, पुढे आकडा नाही.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी कामावर आलो. लेक म्हणत होती, बाबा, सोडा आता, माझ्याकडे या. तिचं घर लहान आहे, जावई चांगला आहे, नातवंड अजून नाही. मी तिथे दिवसभर काय करणार? आणि माझ्या घरी तरी काय करणार? चार भिंती आणि एक वजनकाटा. कामावर निदान सकाळी सहाला कुणीतरी "आलास का?" म्हणतं. सहा ते चार मला जायला जागा होती. बाकी काही शिल्लक राहिलं नव्हतं, हे मी तेव्हाही ओळखून होतो.

त्या वेळचं विमान एकवीस वर्षांचं होतं. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. खुर्च्या काढल्या तेव्हा त्यांच्याखाली पेनं, केसांच्या पिना, एक लहान मोजा आणि कुणाची तरी अर्धी दातांची कवळी सापडली. तोफ म्हणाला, "हा माणूस उतरून काय जेवला असेल रे?" ती कवळी त्याने आठवडाभर हत्यारांच्या पेटीवर हसत ठेवली होती.

विमानाच्या अंगाला घरासारखे खांब नसतात. पत्रा आणि पत्र्याआडच्या फासळ्या मिळूनच भार उचलतात. त्यात एवढं मोठं भोक पाडलं की ते अंग तिथे वाकायला बघतं. म्हणून कापायच्या आधी पोटाखाली सात लोखंडी घोड्या लावतात. घोडीच्या डोक्यावर पोटाच्या गोलाईची गादी असते. सगळा भार त्यांच्यावर घेतला की मगच करवत लावायची. आणि कापल्यापासून नवी चौकट पक्की होईपर्यंत रोज बघायचं की अंग जागचं हललं नाही ना. आत जमिनीच्या कडेने नऊ खुणा केलेल्या असतात. प्रत्येक खुणेवर मिलिमीटरची छोटी पट्टी चिकटवलेली असते. सकाळी सहाला, हँगरचं मोठं दार उघडायच्या आधी, ऊन लागून पत्रा ताणायच्या आधी, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून त्या नऊ पट्ट्या वाचायच्या आणि घोडीला लटकवलेल्या तक्त्यावर लिहायच्या. खाली आपला शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे बोटाएवढी रबरी मोहर, तिच्यावर आपला नंबर. ती कुणाला उसनी द्यायची नाही, हरवली तर त्याच दिवशी कळवायची. माझा नंबर अठ्ठावीस.

बुधवारी आम्ही म्हातारीला कापलं. तो कापलेला तुकडा क्रेनने खाली घेतला तेव्हा आत एकदम उजेड आला आणि तोफ आतून म्हणाला, "अरे, इथे एवढी धूळ होती होय?"

गुरुवारी सकाळी मी नऊ खुणा वाचल्या. शुक्रवारी वाचल्या. शनिवारी, सोमवारी. आकडे तेच. शून्य, शून्य, उणे एक, शून्य, शून्य. एखाद्या खुणेला अर्ध्याचा फरक, तोही दुसऱ्या दिवशी परत जाग्यावर. म्हातारी दगडासारखी बसली होती. आम्ही नव्या चौकटीची वरची तुळई आणि दोन्ही बाजूचे खांब रिव्हेटून घेतले.

मग एका सकाळी मी चहा ठेवला आणि फ्रिजसमोर उभा राहिलो. तो कागद सात महिने तिथेच होता. दूध काढताना तो रोज दिसायचा, म्हणजे दिसत नसायचा. त्या सकाळी दिसला. मी वरून खालपर्यंत वाचला. एकही आकडा खोटा नव्हता. दर पंधरवड्याला तो कागद डॉक्टर बघायचे, मान हलवायचे, गोळ्या बदलायचे. एवढं खरं लिहून काय झालं? मी कागद काढला, घडी केली, कपाटातल्या तिच्या साड्यांखाली ठेवला. लेकीचा फोन रोज पाच-सव्वापाचला येतो तसा आला. तिला काहीतरी सांगितलं आणि निघालो.

हँगरात गेलो. दुर्बीण लावली. डोळा लावायला वाकलो आणि वाकवेना. कंबर दुखत होती असं नाही. पुन्हा एक कागद, पुन्हा एक ओळ, पुन्हा तारीख, एवढंच डोक्यात आलं. मी तक्ता घेतला, कालचे नऊ आकडे खाली उतरवले आणि शिक्का मारला. अर्ध्या मिनिटाचं काम. नेहमी वीस मिनिटं लागायची. उरलेला वेळ एका खोक्यावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते आणखी सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी मी दुर्बीण पेटीतून काढलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चहाच्या सुट्टीनंतर तोफेने आतून हाक मारली.

"मास्तर! इकडे ये!"

मला तिथे मास्तर म्हणतात. मी आत गेलो. आम्ही चौकटीचा उंबरा बसवत होतो. चौकटीला कारखान्यातूनच छोटी भोकं पाडून आलेली असतात आणि ती मागच्या पत्र्याच्या भोकांवर बसवायची असतात. दोन्ही जुळली की तात्पुरती पिन नुसत्या बोटाने आत जाते.

"पिन जाईना," तोफ म्हणाला.

"हातोडीने टोच."

"हातोडीने बायकोला सुद्धा बोलावता येतं, पण ती आपणहून आली पाहिजे. बघ जरा."

मी बॅटरीने बघितलं. भोकावर भोक नव्हतं. चंद्राची कोर दिसत होती. पुढच्या भोकात जाड कोर, त्याच्या पुढच्यात आणखी जाड.

 मी खाली उतरलो, दुर्बीण काढली, लावली आणि वाचायला लागलो. हँगरचं दार उघडं होतं, ऊन आलं होतं, तरी उन्हाने एवढा फरक पडत नाही. चौथी खूण उणे चार. पाचवी उणे साडेचार. सहावी उणे दोन.

मी घोड्यांच्या खाली वाकून गेलो. तिसऱ्या घोडीच्या मागच्या पायाखाली जमिनीला केसासारखी गोल भेग होती. तिथे पूर्वी कधीतरी गटाराचं तोंड असणार. ते बुजवून वरून कोबा केलेला. पाय बरोबर त्यावर पडला होता आणि रोज थोडा थोडा, मिलिमीटरभर, बसत गेला होता. कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. दिसण्यासाठीच त्या नऊ पट्ट्या होत्या.

तोफ माझ्या मागे येऊन वाकला. त्याने भेग बघितली, मग तक्ता बघितला, मग मला बघितलं.

"सकाळी तर शून्य लिहिलंयस."

मी भेगेवरून बोट फिरवलं.

"मास्तर, सकाळी वाचलंस ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्याने माझा दंड धरला आणि ओढत मला हवेच्या कॉम्प्रेसरमागे नेलं. ते यंत्र चालू असलं की शेजारचा माणूस मेला तरी कळत नाही. गुपित बोलायला तोफेला हँगरात तेवढी एकच जागा होती. त्याने माझ्या कानाला तोंड लावलं.

"आत्ता खरं लिही! रात्री बसली म्हण! काल ठीक होतं, आज बसली!"

"सकाळच्या आकड्यांचं काय?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"सकाळनंतर बसली! कोबा काय तुझ्या बापाने घातला होता? घोडी साक्ष द्यायला येणारे का?"

"तोफ, मी आज नाही वाचलं, काल नाही, परवा नाही."

तो थांबला. त्याचे ओठ हलले. मला वाटतं तो रांगा मोजत होता. कुठल्या दिवशी कुठली रांग मारली ते त्याच्या डायरीत असायचं, पण त्याला ते तोंडपाठही असायचं.

"खालचे दोन्ही कोपरे मारलेत त्यात," तो म्हणाला.

"हो."

दाराच्या भोकाचे कोपरे म्हणजे सगळा ताण येऊन बसायची जागा. विमान वर गेलं की आतून हवेने फुगतं, खाली आलं की बसतं. वाकलेल्या अंगावर चौकट ठोकून बसवली की घोड्या काढल्यावर अंग आपल्या जागी जायला बघणार आणि चौकट त्याला जाऊ देणार नाही. दार लागेल. रंग होईल. उडेलसुद्धा. मग कधीतरी कोपऱ्यातल्या एखाद्या रिव्हेटपासून केसाएवढी भेग निघेल.

"तडा जायला दहा वर्षं लागतील!" तोफ कानात ओरडला. "तोवर म्हातारी भंगारात जाईल! आपण तिच्या आधी!"

"आणि नाही लागली दहा वर्षं तर?"

"मालवाहू आहे रे! माणसं कुठे बसणारेत त्यात?"

"पुढे दोघं बसतात."

 मग तो म्हणाला, आणि या वेळी त्याने मला सोडून समोर भिंतीकडे बघत म्हटलं, "तुझा शिक्का जाईल. मला दीड वर्ष राहिलंय. दीड वर्षासाठी मला नवा माणूस शिकवायला लावणार तू."

मी त्याला सांगितलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला विचार करू दे. तो म्हणाला, "विचार करणारा माणूस सकाळी सहाला वाचतो." आणि निघून गेला.

मी डबा उघडला. ब्रेड आणि दोन उकडलेली अंडी. एक खाल्लं. खरं सांगायचं तर मला त्या दोन वैमानिकांचा फार विचार आला नाही. घरचा आला. शिक्का गेला की पत्र येईल, पत्र आलं की घरी बसायचं. सकाळी पाचला उठायची सवय मोडणार नाही. मग पाच ते रात्री दहा. लेक येऊन सामान बांधेल. जावई म्हणेल, बाबा, टीव्ही लावू का?

तोफ म्हणाला तसं केलं तर यातलं काही होणार नव्हतं. आजची एक रांग काढली असती, घोडीखाली जाड पत्रा टाकला असता, आणि सोमवारपासून सगळं पूर्ववत. फक्त मला लक्षात ठेवावं लागलं असतं की मी काय सांगितलंय. कधी बसली, किती वाजता, कोण होतं. विचारलं तर तेच पुन्हा सांगायचं. आणि ते विमान कुठेतरी रोज वर जाणार, खाली येणार. मला धाडस वगैरे काही आलं नाही. एवढं सगळं डोक्यात धरून पाच ते दहा जगायच्या नुसत्या विचारानेच मला थकवा आला. मी दुसरं अंडं तसंच ठेवलं आणि उठलो.

आमची तपासनीस बाई माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. वरच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून तिला मागे सगळे फूटपट्टी म्हणतात. तिची केबिन काचेची, हँगरच्या टोकाला. ती फाईलमध्ये डोकं घालून बसली होती.

"या काका. बसा ना."

"उभाच बरा आहे."

मी सांगितलं. तिसरी घोडी, कोबा, साडेचार मिलिमीटर. तिने पेन खाली ठेवलं.

"पण सकाळच्या तक्त्यावर..."

"ते मी न वाचता लिहिलंय. कालचं उतरवलं. काल परवाचं उतरवलं होतं."

 ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "काका, मी इथे लागले तेव्हा तुम्ही मला ती दुर्बीण लावायला शिकवलीत."

मी शिक्का खिशातून काढून टेबलावर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही.

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस."

"तीन का चार?"

"आज धरून चार. बहुतेक."

"बहुतेक नाही चालणार." ती उठून काचेपाशी गेली. तिथून म्हातारी दिसत होती, अंगाला केवढं तरी भोक. "नीट ऐका. ज्या दिवसापर्यंतचे आकडे खरे, त्या दिवसापर्यंतचे रिव्हेट ठेवता येतील. त्यानंतरचे सगळे काढायचे. तुम्हाला दिवस सांगता आला नाही तर मला कापलं त्या बुधवारपासूनचं सगळं खोलावं लागेल. वरची तुळईसुद्धा. तीन आठवडे. आणि दरवेळी भोक थोडं मोठं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

मला सांगता येईना. खरंच येईना. गेल्या सात महिन्यांत मला वार कळत नव्हते. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस, एवढंच. मी आठवायला लागलो. बोट चेपलं तो दिवस, पाऊस आला तो दिवस. सगळे एकसारखे. एकच गोष्ट पक्की होती.

"ज्या दिवशी घरचा एक कागद काढला, त्याच सकाळी पहिल्यांदा केलं," मी म्हणालो. "माझ्या बायकोचा कागद. वजनाचा."

ती वळली.

"ते लेकीला फोनवर बोललो होतो. तो कुठला दिवस, ते तिला विचारावं लागेल. फोन रोजच असतो, त्यामुळे माझ्या फोनमध्ये बघून कळणार नाही."

"लावा."

"आत्ता? ती ऑफिसात असेल."

"लावा काका. आणि स्पीकरवर."

लेकीने पहिल्या घंटीला उचलला. दुपारी माझा फोन कधी जात नाही.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"नाही, नाही. मी बरा आहे. एक विचारायचं होतं. आईचा फ्रिजवरचा कागद काढला म्हणून तुला मी कधी बोललो?"

"आं?"

"कुठल्या दिवशी?"

"बाबा, हे काय विचारताय? कुठे आहात तुम्ही?"

"कामावर. सांग ना. गरजेचं आहे."

 मग ती म्हणाली, "मंगळवारी. तुम्ही म्हणालात, 'काढला.' मी म्हटलं, काय काढलं? तुम्ही म्हणालात, 'आईचा कागद. बास झालं.' आणि ठेवलात. मी सोमवारी रात्री माझी मीटिंग होती म्हणून उशिरा झोपले होते, आणि मंगळवारी सकाळी तुमचं ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडले. यांनी बाहेरून दार वाजवलं. मंगळवारच. मी तुम्हाला बोलले नाही, पण मला वाटलं... जाऊ दे. बाबा, कुणी आहे का तिथे?"

"आहेत. आमच्या बाई आहेत."

"अगंबाई."

"ठेवतो. संध्याकाळी बोलतो."

फूटपट्टी खिडकीकडे तोंड करून उभी होती. खिशातली पट्टी काढून तिने नखावर दोनदा आपटली. मग टेबलाशी येऊन लिहायला लागली.

"मंगळवार. म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार, आज. मी सोमवारचेही काढणार. सोमवारी सकाळी वाचलं असलं तरी दिवसभरात पाय बसायला लागला असेल." तिने शिक्का एका पाकिटात टाकला, पाकीट चिकटवलं, त्यावर अठ्ठावीस लिहिलं. "हा वर पाठवावा लागेल. किती दिवस ते माझ्या हातात नाही."

"मला घरी पाठवणार का?"

"ते पण माझ्या हातात नाही." मग ती म्हणाली, "माझ्या हातात एवढंच आहे. शिक्का नसलेला माणूस रिव्हेट मारू शकत नाही. काढू शकतो. दुसऱ्याच्या शिक्क्याखाली. काढणार?"

"काढतो."

तीनशे बहात्तर रिव्हेट होते. म्हातारीला खालून हलके हलके वर घेतलं, कोबा फोडून त्या जागी जाड लोखंडी पाट टाकला, आणि मग काढायला सुरुवात झाली. रिव्हेट काढायचा म्हणजे डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरायचं, डोक्याएवढंच खोल जायचं, डोकं उडवायचं आणि मागची शेपूट अलगद ठोकून पाडायची. ड्रिल इकडेतिकडे गेलं की भोक बिघडलं. मारायला एक मिनिट, काढायला पाच. मी सहा दिवस तेच केलं. आतून शेपटं गोळा करायला तोफ होता. तो सहा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तोफ गप्प असली की हँगरात काहीतरी मेल्यासारखं वाटतं.

बाकीचे बोलत होते. कुणीतरी माझ्या पेटीवर खडूने 'कालचा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तेच नाव पडलं. "काय कालचे, चहा घेणार की कालच घेतलाय?" रंगवाले, वायरिंगवाले, क्रेनवाला. सगळ्यांचं काम दोन आठवडे पुढे गेलं होतं, त्यामुळे त्यांना हक्क होता. मी चहा घ्यायचो. नाव पुसलं नाही.

वरून पत्र आलं. सहा महिने शिक्का बंद, मग परीक्षा द्यायची, पास झालो तर परत. तोवर सुटं काम. रोज सकाळचं वाचन आता दोघांनी करायचं, एकाचे आकडे दुसऱ्याला न दाखवता. पत्रात माझ्या बायकोचा उल्लेख नव्हता. फूटपट्टीने तो अहवालात घातला नसावा. मला ते बरं वाटलं.

शेवटचा रिव्हेट निघाला त्या दिवशी नवी चौकट परत लावून बघितली. तोफ आत, मी बाहेर. पिन नुसत्या बोटाने गेली. एक, दुसरी, तिसरी. डाव्या कोपऱ्यात दोन भोकं माझ्याच ड्रिलने जरा मोठी झाली होती. तिथे एक माप जाड रिव्हेट घालावे लागतील असं फूटपट्टीने लिहून घेतलं.

त्यानंतर गन धरायला दुसरा माणूस आला. हसरा, तीस-बत्तिशीचा, हात बरा होता. मला मागच्या हँगरात पाठवलं.

दोन महिन्यांनी म्हातारीची हवेची चाचणी झाली. सगळी दारं लावून आत हवा भरतात आणि बाहेरून बघतात, ऐकतात. पिवळ्या दोरीच्या मागे बरेच जण जमले होते. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो आणि एका टोकाला उभा राहिलो. अंग फुगत गेलं तसे पत्र्यातून बारीक आवाज आले, मग थांबले. फूटपट्टी कोपऱ्याशी कान लावून बराच वेळ वाकली होती. मग सरळ झाली आणि तिने अंगठा वर केला.

तोफ गर्दीतून सरकत माझ्या शेजारी आला. समोर बघतच म्हणाला, "दाराच्या कागदावर तुझा नंबर कुठेच नाही."

"नसू दे."

"वरच्या तुळईवर होता. तोही त्यांनी परत तपासून त्या पोराचा मारला."

"दार बसलं ना?"

"दार बसलं." मग मनगट चोळत, "तो पोरगा गन फार दाबतो. माझं मनगट गेलं."

"सांग त्याला."

"सांगितलं. म्हणतो, काका, हळू बोला." दोरीपलीकडचे चार जण हसले. तोफेला कळलं नाही कशाला. "तुझं काय चाललंय तिकडे?"

"खुर्च्या काढतोय."

"एकटाच?"

"तिघं आहेत. बाकीचे दोघं नवीन."

"कमरेला पट्टा बांध," तो म्हणाला. "खुर्च्या वाईट." आणि घंटा झाली म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मागच्या हँगरात गेलो. रखवालदार म्हणाला, "आलात का?" नवीन विमान आलं होतं, अजून आतून माणसांचा वास येत होता. एकशे ऐंशी खुर्च्या होत्या. मी कमरेला पट्टा बांधला, गुडघ्याखाली गादी घेतली आणि पहिल्या रांगेचा पहिला बोल्ट सैल केला.